रूट कॅनालमधले (दाताच्या मुळातल्या नळीतले) जंतू कमी करायला सिरिंज पुरते का, की अल्ट्रासॉनिक घ्यावं?

परभणीकर_दंत

नमस्कार मंडळी. परभणीत जनरल प्रॅक्टिस आहे. रोटरी (मोटरवर फिरणाऱ्या फायली), एपेक्स लोकेटर (एपेक्स म्हणजे मुळाचं टोक शोधणारं यंत्र) आणि पायझो स्केलर (दात साफ करायचं अल्ट्रासॉनिक यंत्र) आहे. आता इरिगेशनसाठी (कॅनाल धुण्यासाठी) एखादी वस्तू घ्यावी म्हणतोय, पण कोणती ते ठरेना. सॉनिकवाला डीलर म्हणतो ९९ टक्के जंतू मरतात, लेझरवाला पण ९९ टक्केच म्हणतो. मग फरक काय राहिला?

सध्याची पद्धत अशी : दाढ २५/.०६ पर्यंत शेप करतो, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) ३ टक्के, २७ गेजची साधी सुई, फाइल बदलताना एक-दोन मिलि. ईडीटीए (भिंतीतलं कॅल्शियम काढणारं रसायन) जेल फाइलला लावून. शेवटी २ टक्के क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक), मग पेपर पॉइंट (टिपायच्या कागदी काड्या) आणि ऑब्च्युरेशन (कॅनाल भरणं). रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावतो.

नेक्रोटिक दाढ (आतला पल्प, म्हणजे नस, मेलेली), एक्स-रेत मुळाशी सावली, अशा केसबद्दल विचारतोय. सिरिंज, गटा-पर्चाने (कॅनाल भरायच्या रबरी कोनने) पंपिंग, सॉनिक, अल्ट्रासॉनिक, लेझर, यांत जंतू कमी होण्यात खरंच किती फरक पडतो? आणि आहे त्या स्केलरवर भागत असेल तर वेगळं मशीन कशाला?

एन्डो_लातूर

डॉक्टर, मशीनच्या आधी सुई बदला. तुमच्या पद्धतीत सगळ्यात मोठी गळती तिथंच आहे, आणि ती कुठलंही यंत्र भरून काढणार नाही.

हिशेब करून बघा. २५/.०६ म्हणजे टोकाला ०.२५ मिमी, १ मिमी वर ०.३१, २ मिमी वर ०.३७, ३ मिमी वर ०.४३. २७ गेजच्या सुईचा बाहेरचा व्यास साधारण ०.४१ मिमी. म्हणजे कॅनाल सरळसोट असला तरी सुई पावणेतीन मिमीवर अडकणार, आणि अडकलेल्या सुईने दाबायचं नसतं, म्हणून ती आणखी मिलिमीटरभर मागे घ्यावी लागणार. साइड-व्हेंटेड (बाजूला छिद्र असलेल्या) सुईसमोर द्रव जेमतेम १ मिमी नवा होतो. उघड्या तोंडाच्या सुईसमोर थोडा जास्त होतो, पण तिचा दाब थेट एपेक्सवर जातो. एकूण काय, खालचे दोन-तीन मिमी हायपोच्या नावाने कोरडेच, आणि नेक्रोटिक दाढेत तुमचं भांडण नेमकं तिथल्याच जंतूंशी आहे.

३० गेजची साइड-व्हेंटेड घ्या, व्यास ०.३१. तीसुद्धा २५/.०६ मध्ये १ मिमीवर घट्ट बसते, द्रवाला परत यायला वाट राहत नाही. ३५/.०४ केलंत तर १ मिमीवर ०.३९ मिळतं, सुई सैल फिरते. मीझिओबक्कल (दाढेचा पुढचा, गालाकडचा कॅनाल) फार वाकडा असेल तर ३०/.०४ वर थांबा आणि सुई २ मिमी मागे ठेवा. सरसकट ३५ चा हट्ट मी धरणार नाही, पण नेक्रोटिक दाढेत २५ वर थांबणं मला पटत नाही. कॅनाल 'वाचवण्याच्या' सध्याच्या फॅशनमध्ये हे लई जण विसरायलेत.

दुसरी गोष्ट प्रमाण आणि वेळ. कॅनालमध्ये एका वेळी थेंबभरच द्रव मावतो आणि त्यातलं क्लोरीन पल्पचा कचरा, पू, डेंटीन (दाताचा आतला कठीण थर) यांच्यावर लगेच खर्च होतं. साठलेला हायपो म्हणजे मेलेला हायपो. दर फाइलनंतर प्रत्येक कॅनालला २ मिलि, शेपिंग संपल्यावर आणखी १० मिनिटं थोड्या-थोड्या वेळाने ताजा भरत राहा. पहिल्या फाइलपासून धरून हायपोचा एकूण मुक्काम २५-३० मिनिटांचा व्हायला हवा. रोटरीने तीन फायलींत दहा मिनिटांत शेपिंग उरकतं, तिथं हा वेळ आपोआप निम्म्यावर येतो.

सिरिंज ५ मिलिची लुअर-लॉक. प्लंजर अंगठ्याने नाही, तर्जनीने दाबायचा. सुईवर रबर स्टॉप लावून ती सतत २-३ मिमी वरखाली हलती ठेवायची. फायलींच्या मध्ये १० नंबरची पेटन्सी फाइल (टोकाची वाट मोकळी ठेवणारी), नाहीतर टोकाशी डेंटीनचा चिखल बसतो आणि पुढचं सगळं वाया.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. फाइल कुठलीही वापरा, भिंतीचा मोठा भाग तिला लागतच नाही. २००१ मध्ये वरच्या दाढांवर मायक्रो-सीटीने बघितलं तेव्हा निकेल-टायटॅनियमच्या सगळ्या पद्धतींत ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भिंत अस्पर्श निघाली. खालच्या दाढेच्या मीझिअल (पुढच्या) मुळातला इस्थमस (दोन कॅनालना जोडणारी अरुंद फट) तर त्याहून अवघड. तिथं द्रव पोचवायचा तर तो हलवावा लागतो. शिवाय तोंडातलं मूळ हाडात बंद असतं, टोकाशी हवेचा बुडबुडा अडकून बसतो आणि साध्या सिरिंजने तो सहसा निघत नाही.

गटा-पर्चाने पंपिंग : नीट बसणारा मास्टर कोन हायपोत घालून २-३ मिमीचे हेलकावे, मिनिटाला शंभरच्या आसपास. खर्च शून्य, बुडबुडा मोडतो. मात्र शेप झाल्यावर आणि कोन टोकाशी खरोखर बसत असेल तरच काम होतं. ढिला कोन नुसता पोहत राहतो.

सॉनिक, एन्डोअॅक्टिव्हेटर धाटणीचं : प्लास्टिकचं टोक, मिनिटाला १०,००० पर्यंत हेलकावे. कापत नाही, लेज (भिंतीत पायरी) पडत नाही, वाकड्या कॅनालला निर्धास्त. पण कंपनांची गती कमी असल्यामुळे प्रवाहाचा जोर अल्ट्रासॉनिकइतका येत नाही. टोक वर्किंग लेंग्थच्या (कॅनालच्या मोजलेल्या लांबीच्या) २ मिमी अलीकडे ठेवून ३० ते ६० सेकंद.

अल्ट्रासॉनिक : २५ ते ३० किलोहर्ट्झ. बारीक तार मोकळी थरथरली तर तिच्याभोवती द्रवाचे भोवरे होतात, ते इस्थमसमध्ये शिरतात आणि बायोफिल्म (जंतूंचा चिकट थर) सैल करतात. पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त काम हेच करतं असं माझं मत. पण मोकळी थरथरली तर! भिंतीला टेकली की थरथर मेली, वर डेंटीन कापलं जातं. रीत अशी : शेपिंग पूर्ण, चेंबर (कॅनालच्या वरची दातातली पोकळी) हायपोने भरलेलं, १५ किंवा २० नंबरची तार कॅनालच्या वळणाप्रमाणे आधी वाकवून १-२ मिमी अलीकडे, मगच पेडल. २० सेकंद चालवा, २ मिलि ताजा हायपो, पुन्हा २० सेकंद, असं तीन वेळा. कोरड्या कॅनालमध्ये किंवा हवेत पेडल दाबलं की तार तुटते.

लेझर : एर्बियम-यागची २९४० नॅनोमीटरवाली पद्धत, जिच्यात टोक चेंबरमध्येच ठेवून २० मिलिज्यूल, १५ हर्ट्झवर द्रवाला धक्के देतात, ती प्रयोगशाळेत फार चांगली दिसते. खर्च लाखांत. नुसत्या रूट कॅनालसाठी घेऊ नका. डायोडचं काम वेगळं, तो द्रव हलवत नाही, उष्णतेने मारतो. टोक एका जागी थांबलं तर मुळाच्या बाहेरचं तापमान वाढतं आणि हाडाला इजा होते.

आणखी एक प्रकार उलट ओढण्याचा. द्रव चेंबरमध्ये सोडायचा आणि टोकाशी ठेवलेल्या ०.३२ मिमीच्या सूक्ष्म नळीने शोषून खाली खेचायचा. एपेक्सबाहेर जाण्याचा धोका सगळ्यात कमी. पण त्याला ३५/.०४ लागतंच आणि नळीची बारीक छिद्रं कचऱ्याने बुजतात.

गोदाकाठ

लातूरच्या सरांशी बहुतांशी सहमत. पण खेडोपाडी वीज जाते-येते, असिस्टंट एकच. अशा ठिकाणी गटा-पर्चा पंपिंग आणि ३० गेजची सुई एवढ्यावर नव्वद टक्के केस निघतात. अल्ट्रासॉनिक तार मोडली की ती काढायची कुणी? मी तर म्हणेन शेवटी क्लोरहेक्सिडीन भरून ठेवा, ते डेंटीनला चिकटून राहतं, जंतू पुन्हा वाढत नाहीत.

एन्डो_लातूर

पंपिंगचं मान्य. क्लोरहेक्सिडीनला माझी हरकत आहे. हायपोच्या पाठोपाठ ते घातलं की नारिंगी-तपकिरी साका तयार होतो, डेंटीनमधल्या सूक्ष्म नळ्यांची तोंडं बुजवतो, दाताला रंग धरतो. ईडीटीएवर घातलं तर पांढरा साका. वापरायचंच असेल तर मध्ये भरपूर सलाइन, मग पेपर पॉइंटने कोरडं, मग क्लोरहेक्सिडीन. आणि ते पल्पचं ऊतक विरघळवत नाही, बायोफिल्मही तसाच राहतो. हायपोची जागा ते घेऊ शकत नाही. पहिल्यांदाच होणाऱ्या केसमध्ये मी ते सुचवणार नाही.

परभणीच्या डॉक्टरांसाठी शेवटचा क्रम : हायपो अल्ट्रासॉनिकसह २० सेकंद तीनदा, सलाइन, १७ टक्के द्रव ईडीटीए एक मिनिट, सलाइन, शेवटी हायपो अर्धा ते एक मिनिट. ईडीटीए दहा मिनिटं ठेवलं तर डेंटीन खरवडल्यासारखं होतं, म्हणून घड्याळ लावा. जेलने स्मिअर लेअर (फाइलमुळे भिंतीवर बसलेला चिखलाचा थर) निघत नाही, जेल फक्त फाइल सरकायला. आणि हायपो व ईडीटीए एकत्र मिसळू नका, मोकळं क्लोरीन लगेच संपतं. त्याच दिवशी बाँडेड पोस्ट (कॅनालमध्ये चिकटवायचा आधाराचा खांब) बसवायचं असेल तर शेवट हायपोने करू नका, बाँड कमजोर होतो.

जंतूमोजणी

नांदेडहून, मायक्रोबायोलॉजीच्या बाजूने. ९९ टक्क्यांबद्दल बोलतो, कारण हा आकडा फार फसवा आहे.

नेक्रोटिक कॅनालमध्ये दहा लाख जिवाणू धरा. ९९ टक्के मेले म्हणजे दहा हजार शिल्लक. ९९.९ टक्के म्हणजे एक हजार शिल्लक. म्हणून आम्ही टक्के बोलत नाही, लॉग बोलतो (एक लॉग म्हणजे दहापट घट). १९८१ मध्ये बायस्ट्रॉम आणि सुंडक्विस्ट यांनी नुसत्या हँड फाइल आणि सलाइनने कॅनाल साफ केले, तेव्हाच संख्या शंभर ते हजार पटींनी घटली होती. म्हणजे '९९ टक्के' तर सलाइनसुद्धा करतं! पण त्यातले बरेच कॅनाल शेवटपर्यंत निर्जंतुक झाले नाहीत आणि दोन भेटींच्या मध्ये उरलेले जिवाणू पुन्हा वाढले. डीलरला विचारायचं ते हे : किती लॉग, कशाच्या तुलनेत, आणि किती कॅनालमध्ये वाढ शून्य आली?

दुसरं, मोजलं कसं? बहुतेक प्रयोग उपटलेल्या एकमुळी दातांवर, एकाच जातीच्या एन्टेरोकोकस फीकॅलिसवर होतात. २१ दिवस ३७ अंशांवर ब्रॉथमध्ये वाढवतात. तोंडात बायोफिल्म अनेक जातींची असते आणि महिनोन्महिने मुरलेली असते. प्रयोगात मुळाचं टोक उघडं ठेवलं असेल तर हवेचा बुडबुडा अडकत नाही, मग सिरिंज उगाच चांगली दिसते. टोक मेणाने किंवा रेझिनने बंद केलं होतं का, हे आधी वाचा.

पेपर पॉइंट मुख्य कॅनालमधलाच द्रव टिपतो. इस्थमस आणि नळ्यांमधलं काही त्यात येत नाही. त्यासाठी गेट्स-ग्लिडनने (एक ड्रिल) भिंतीचा थर खरवडून तो भुकटीरूपात वाढवावा लागतो. नमुना घेण्याआधी हायपो सोडियम थायोसल्फेटने निष्प्रभ केला नसेल तर तोच हायपो प्लेटवरही जिवाणू मारत राहतो आणि कॉलनी शून्य दिसते. पीसीआरचं उलटं : मेलेल्या जिवाणूंचा डीएनए पण मोजला जातो. त्यामुळे एकाच केसमध्ये कल्चर 'साफ' आणि पीसीआर 'भरपूर' म्हणू शकतं.

तरी मोजणी निरर्थक नाही. १९९७ च्या स्यॉग्रेन यांच्या कामात एकाच बैठकीत भरलेले एकमुळी दात पाच वर्षं पाहिले. भरताना कल्चर नकारात्मक असलेल्यांत ९४ टक्के बरे झाले, सकारात्मक असलेल्यांत ६८ टक्के. बघण्यासारखं हे की जिवाणू उरूनही दोन-तृतीयांश बरे झालेच. चांगल्या भरणीखाली ते कोंडले जातात, पोषण मिळत नाही. म्हणूनच प्रयोगशाळेत अल्ट्रासॉनिक सिरिंजवर मात करतं, पण पेशंटमध्ये सावली भरून येण्यात तेवढा फरक दिसत नाही. २०१३ च्या एका यादृच्छिक चाचणीत एकमुळी दातांवर सीबीसीटीने (त्रिमिती एक्स-रेने) तुलना केली तेव्हा अल्ट्रासॉनिक वापरलेला आणि न वापरलेला, या दोन्ही गटांत लक्षणीय फरक निघाला नव्हता. एकमुळी दातात इस्थमसचा प्रश्न कमी, त्यामुळे तो निकाल मी खालच्या दाढेला सरळ लावणार नाही.

परभणीकर_दंत

खूप स्पष्ट झालं. सुईची ऑर्डर आजच टाकतो. एक शंका : एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा ४२-४३ वर. हायपोचा डबा कपाटात असतो. त्याने फरक पडत असेल का? आणि बोअरच्या पाण्याने पातळ केलं तर चालतं का?

जंतूमोजणी

फरक पडतो आणि भरपूर पडतो. तापमान १० अंशांनी वाढलं की हायपो साधारण तीन-चार पट वेगाने विघटित होतो. जितका तीव्र तितका लवकर. उजेडाने आणखी. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं जूनमध्ये किती उरलं असेल ते लेबल सांगत नाही. गडद बाटली, झाकण घट्ट, फ्रिजमध्ये, छोट्या पॅकमध्ये. बाटली फोडल्याची तारीख मार्करने लिहा.

बोअरचं पाणी नको. त्यातले लोखंड, तांबे यांचे अंश विघटन वाढवतात. डिस्टिल्ड वॉटरच वापरा. ५ टक्क्यांचं ३ टक्के करायचं तर ६० मिलि हायपो आणि ४० मिलि पाणी. एका दिवसाला लागेल तेवढंच.

तपासायचं असेल तर गावातल्या कुठल्याही कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये होईल. १ मिलि हायपो, २५ मिलि डिस्टिल्ड वॉटर, १ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, त्यानंतर पातळ अॅसिटिक अॅसिड. क्रम उलटा केला आणि आयोडाइडआधी अॅसिड घातलं तर क्लोरीन वायू सुटतो. तपकिरी झालेलं मिश्रण ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा. फिकट पिवळं झालं की स्टार्च घाला, निळा रंग जाईपर्यंत थेंब-थेंब सोडा. थायोसल्फेटचा १ मिलि म्हणजे ३.७२ मिलिग्रॅम हायपोक्लोराइट. ३ टक्क्यांच्या हायपोला ८ मिलिच्या आसपास लागलं पाहिजे. ५ मिलितच रंग गेला तर तुमचा '३ टक्के' प्रत्यक्षात १.९ टक्क्यांच्याही खाली आहे.

गोदाकाठ

फ्रिजमधला थंड हायपो मात्र थेट वापरू नये, तासभर आधी बाहेर काढावा. गरम हायपो ऊतक जास्त विरघळवतो. सिरिंज गरम पाण्यात ठेवायची सवय काहींना आहे, पण ०.३ मिमीच्या सुईतून कॅनालमध्ये जाईपर्यंत तो अंगाच्या तापमानाला येतो, फार हाती लागत नाही.

आणि सुई १ मिमीपर्यंत न्यायला सांगताय तर अपघाताचंही लिहू या. एपेक्स उघडा असेल, मूळ झिजलेलं असेल, परफोरेशनची (मुळाला भोक पडल्याची) शंका असेल तर १ मिमीचा हट्ट नको, ३ मिमी मागे राहून हळू. हायपो बाहेर गेला तर भूल असूनही पेशंट एकदम कळवळतो, मिनिटांत सूज, कॅनालमधून रक्त. लगेच थांबा, सलाइनने धुवा, रक्त येऊ द्या, त्याच वेळी घट्ट बंद करू नका. पहिला दिवस बाहेरून थंड शेक, दुसऱ्या दिवसापासून कोमट. वेदनाशामक द्या आणि रोज बघा. गळ्याकडे किंवा डोळ्याकडे सूज वाढत असेल, गिळायला-श्वासाला त्रास असेल तर ताबडतोब मॅक्सिलोफेशियल सर्जनकडे. हायपोची सिरिंज आणि भुलीची सिरिंज ट्रेमध्ये शेजारी ठेवू नका. दोन्ही पाण्यासारखंच दिसतं, म्हणून रंगीत पट्टी लावा.

बालाघाट

बीडकडून एक मुद्दा जोडतो, कारण इथं जंतूंपेक्षा कॅलेंडर जास्त अडवतं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेला पेशंट गुढीपाडव्याशिवाय परत येत नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइड (दोन भेटींच्या मध्ये कॅनालमध्ये ठेवायचं औषध) घालून 'आठवड्याने या' म्हटलं की ते चार-पाच महिने आत राहतं. वरची तात्पुरती भरणी दोन-तीन आठवड्यांत झिजते, गळते आणि तुम्ही इतक्या कष्टाने घटवलेले जंतू लाळेतून परत येतात. लांब मुदतीत कॅल्शियम हायड्रॉक्साइडमुळे डेंटीनही ठिसूळ होतं.

म्हणून अशा पेशंटला, कॅनाल कोरडा होत असेल आणि पू झिरपत नसेल तर, एकाच बैठकीत पूर्ण करा, पण मग इरिगेशनला पूर्ण वेळ द्या. पू थांबतच नसेल तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड लेंट्युलोने (फिरत्या पीळदार तारेने) टोकापर्यंत भरा, निदान सात दिवस हवेतच. वर तात्पुरत्या भरणीचा किमान साडेतीन मिमी थर आणि त्यावर ग्लास आयोनोमर. नुसता कापूस आणि पातळ थर लावून धाडू नका. आणि एन्टेरोकोकस कॅल्शियम हायड्रॉक्साइडला दाद देत नाही, त्यामुळे री-आरसीटीत (दुसऱ्यांदा केलेल्या रूट कॅनालमध्ये) त्याच्या भरवशावर धुणं कमी करू नये.

परभणीकर_दंत

बरोबर, आमच्याकडे जिंतूर-सेलू भागातल्या पेशंटचं तेच. आता शेवटचं : माझ्या पायझो स्केलरला एन्डो चक (फाइल धरणारा जोड) आणि यू-फाइल (अल्ट्रासॉनिक फाइल) लावून काम होईल ना? डीलर म्हणतो कुठलाही चक बसतो.

एन्डो_लातूर

कुठलाही बसत नाही. पायझो स्केलरच्या आट्यांत मुख्यतः दोन धाटण्या आहेत, ईएमएस आणि सॅटेलेक. एकाचा चक दुसऱ्यावर अर्धा फेरा जातो आणि जोर लावला की हँडपीसचे आटे खराब होतात. तुमच्या स्केलिंग टिपच्या पाकिटावर कोणती धाटणी लिहिली आहे ते बघून त्याच धाटणीचा ९० अंशांचा चक मागवा. दाढेला १२० पेक्षा तो सोयीचा.

यू-फाइल कापणारी असते. गुळगुळीत, न कापणारी तार मिळत असेल तर तीच घ्या. यू-फाइलच असेल तर १५ नंबर, मशीन एन्डो मोडवर, ताकद सगळ्यात खालच्या दोन-तीन पायऱ्यांत. कोलेट (चकची पकड) पान्याने घट्ट करा, ढिलं राहिलं तर तार थरथरत नाही, नुसतं गुणगुणते. दर पेशंटआधी भिंगाखाली बघा, पीळ उलगडलेला किंवा वाकण्याच्या जागी चमक दिसली की फेकून द्या.

आणि स्केलरचं पाणी बंद करायला विसरू नका. नळी चालू राहिली तर चेंबरमधला हायपो दोन सेकंदांत बोअरच्या पाण्याने धुतला जातो आणि तुम्ही वीस सेकंद नुसतं पाणी ढवळत बसता. काही मशीनला पाण्याचा नॉब पूर्ण बंद होत नाही, थेंब येतच राहतात. तसं असेल तर इनलेट पाइपच काढून ठेवा, पण मशीन पाण्याविना मिनिटभरापेक्षा जास्त सलग चालवू नका, हँडपीस तापतो.